उजवीकडची निर्दोष बॅटरी

३ नोव्हेंबर, सकाळ

पिकअप सुरू झाली नाही. सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. दादाने बॉनेटवर बुक्की मारली. त्याने काही होत नाही हे त्यालाही माहीत आहे, तरी मारली. मग बाबा स्टिअरिंगला आणि दादा, वहिनी, आई, मी असे मागून ढकलायला. गाडीत धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भरलेले. आधी ते उतरवून घेऊ, वजन कमी होईल, असं मी सुचवलं. कोणी ऐकलं नाही. गल्लीला उतार आहे म्हणून निभावलं. हॉस्पिटलला चादरी उशिरा पोचल्या.

दुपार

जेवताना बाबांनी विषय काढला. त्यांचा मोतीबिंदू पिकत आलाय. डॉक्टर म्हणतात, नवीन वर्षापासून गाडी चालवायची नाही. मग किल्ली कोणाकडे? म्हणजे पहाटेची फेरी कोणाकडे, हॉस्पिटल कोणाकडे, एकूण लॉन्ड्रीचं बाहेरचं जग कोणाकडे? बाबा म्हणाले, एक जानेवारीला ठरवू. आधी बॅटरीचं काम कोण नीट करतं ते बघू.

दादा म्हणाला, की त्यात काय बघायचं, नाक्यावर दुकान आहे, तुमचं ताट उचलेपर्यंत घेऊन येतो. हाच दादा, ज्याने डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. मी आठवण करून दिली. तो म्हणाला, ते एकदाच झालं. मी म्हटलं, माणूस विहिरीतही एकदाच पडतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सुस्कारा टाकून म्हणाले, बरं, तू बघ. तो सुस्कारा मी ओळखते. डोक्यावरचा भार उतरल्याचा होता.

मला किल्लीचा मोह नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. ती इस्त्रीघरातल्या खिळ्यावर कायम वाकडी टांगलेली असते, तेवढं फक्त बघवत नाही.

संकल्प: शनिवारपर्यंत बॅटरी.

४ नोव्हेंबर

बॉनेट उघडलं. बॅटऱ्या दोन आहेत! एक डावीकडे, एक उजवीकडे. इतकी वर्षं घरात गाडी आहे आणि हे मला कोणी सांगितलेलं नाही. वहिनी म्हणाली, की वन्सं, डिझेलच्या मोठ्या इंजिनाला दोन लागतात, थंडीत ते जड होतं. तिच्या मामाचा ट्रक होता म्हणे. मामाचा ट्रक असणं वेगळं आणि अभ्यास असणं वेगळं.

(ती मला 'वन्सं' म्हणते ते आदराने की चेष्टेने, हे दोन वर्षं झाली तरी ठरत नाही. आदराने असं धरून चालले आहे.)

दोन बॅटऱ्या म्हणजे काम दुप्पट. शनिवारऐवजी पुढचा शनिवार.

५ नोव्हेंबर

बाजारात गेले होते, दोऱ्याची रिळं आणायला. सहज एक पितळी कीचेन दिसली. घेतली. किल्लीशी काही संबंध नाही. वस्तू चांगली होती.

७ नोव्हेंबर

बॅटरीच्या दुकानात गेले. गाडी उतारावरून सुरू करून दादाने आणली. वहिनी सोबत आली, तिला म्हणे हवा बदलायची होती.

दुकानदाराने विचारलं, गाडी कोणती? मी सांगितली. तो लगेच आत वळला, बॅटरी काढायला! मी त्याला थांबवलं. म्हटलं, तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. तो म्हणाला, विचारलं की, गाडी कोणती. मी म्हटलं, गाडी रोज किती चालते, किती वेळा बंद-सुरू होते, रात्री कुठे उभी असते, आवारात वारा कोणत्या बाजूने येतो, हे? त्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि मला खुर्ची दिली.

मग मीटर लावला. डावी गेलेली आहे. उजवी, त्याच्याच शब्दांत, 'अजून तग धरून आहे'. पुढे तो असंही म्हणाला, की पण तिचंही वय झालंय, दोन्ही एकदम बदला, जुनी नवीला खाते. दुकानदार दोन विकायलाच बसलेला असतो, त्यामुळे वाक्याचा पुढचा भाग मी सोडून दिला आहे. 'तग धरून आहे' हा भाग तांत्रिक होता.

मी उत्तरं लिहून घेत होते तेवढ्यात वहिनी त्याच्याशी गप्पा मारत होती. तुमची स्वतःची गाडी कोणती, तिच्यात कोणत्या बॅटऱ्या टाकल्यात, असलं काहीतरी. माणसांचं लक्ष किती पटकन मूळ विषयावरून उडतं!

८ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला आणि प्रश्न सुटला. तोही आमच्याच धंद्याच्या पद्धतीने.

लॉन्ड्रीत चादरी जोडीने येतात. जोडीतली एक फाटली तर आपण दुसरीही फेकतो का? नाही. चांगली ठेवतो आणि तिला मापाची दुसरी जोड शोधतो. आजवर एकाही चादरीने तक्रार केलेली नाही. मग उजवीकडच्या बॅटरीचा गुन्हा काय? शेजारीण मेली हा?

म्हणजे काम निम्म्यावर आलं. बॅटरी एकच घ्यायची, उजवीला शोभेल अशी. स्थळ बघायचं म्हणा ना.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पण बॅटरी म्हणजे चादर नव्हे ना गं. मी म्हटलं, बाबा, तत्त्व एकच असतं. ते डोळ्यांत औषध घालत होते म्हणून पुढे काही बोलले नाहीत. पटलं असावं.

१२ नोव्हेंबर

बॅटरी येईपर्यंत उजवीची ताकद जपायला हवी. आजपासून शिस्त:

रेडिओ बंद. पंखा बंद. दिवसा दिवे नाहीत. आणि हॉर्न पूर्ण बंद. हॉर्नऐवजी दादाने खिडकीतून ओरडावं, त्याचा आवाज तसाही फुकट जातो.

दादाने पहिल्याच फेरीत आज्ञा पाळली. चौकात 'ए बाजूला हो रे' असं इतक्या जोरात ओरडला, की एक म्हातारे गृहस्थ बाजूला होण्याऐवजी जागच्या जागी खाली बसले. शिस्तीला वेळ लागतो.

१४ नोव्हेंबर

इंटरनेटवर लोकांची मतं वाचली. एक गृहस्थ लिहितात, बॅटरी उत्तम, पण आणणाऱ्याने बेल वाजवली नाही, सबब एक तारा. दुसरे लिहितात, अजून वापरलेली नाही, पण दिसायला छान, पाच तारे. तिसऱ्या बाई म्हणतात, नवऱ्याने आणली, नवऱ्याप्रमाणेच थंडीत उठत नाही. यातून सत्य गाळून काढायचं काम माझं.

एक जवळजवळ नक्की केली होती. मग लक्षात आलं, की बॅटरी कोणत्या महिन्यात बनली तेही बघायला हवं, कारण दुकानात पडूनही ती म्हातारी होते. मग कोणत्या महिन्यातली चांगली? हे कुठेच दिलेलं नाही. निर्णय पुढे ढकलला. घाईने घेतलेला निर्णय म्हणजे अर्धवट धुतलेली चादर. वरून पांढरी, वास तोच.

मी अक्षरं शिकले तीच मुळी चादरींच्या कोपऱ्यातल्या खुणांवरून. आई इस्त्री करायची, बाबा माझं बोट धरून खुणेवरून फिरवायचे. शाळा नंतर आली, बाबांची शिकवण आधी: एक नजर सगळेच टाकतात, डाग दिसतो तो दुसऱ्या नजरेला. आजही प्रत्येक चादर उजेडाला धरून दुसरी नजर टाकायचं काम माझ्याकडेच आहे. या घरात दुसरी नजर म्हणजे मी. मग बॅटरीला ती नको?

१६ नोव्हेंबर

वाईट दिवस. पण माझा दोष नाही.

पहाटे उताराच्या तोंडाशी कोणीतरी आपली गाडी लावून गेलेलं. पिकअप उतरायला जागा नाही. दादाने सेल्फ मारला, 'टक्'सुद्धा झालं नाही. गाडीच्या मालकाला शोधून उठवेपर्यंत उजाडलं. हॉस्पिटलमधून मेट्रनबाईंचा फोन आला, की पेशंट नुसत्या गाद्यांवर झोपलेत, आणखी एकदा असं झालं तर दुसरी लॉन्ड्री बघू. हॉस्पिटल गेलं तर आमचा निम्मा धंदा गेला.

फोन आईने घेतला. फोन ठेवून इस्त्री उचलली आणि एका उशीच्या अभ्र्यावर इतका वेळ धरली, की वास आला.

मी आईला समजावलं, की चूक गाडी लावणाऱ्याची आहे. आई म्हणाली, हो बाई, त्याचीच.

संकल्प: शनिवारपर्यंत नक्की. कोणता शनिवार ते उद्या ठरवते.

१७ नोव्हेंबर

दुपारी आई आणि वहिनी पिकअप घेऊन बाहेर गेल्या होत्या, दादाने गाडी ढकलून दिली. पडद्यांचा गठ्ठा पोचवायचा होता म्हणे. एका गठ्ठ्याला इतका वेळ? आल्या तेव्हा वहिनीच्या ओढणीला दोन बारीक भोकं पडलेली. विचारलं, तर म्हणाली ब्लीच उडालं. ब्लीच कसं हाताळायचं हे तिला पुन्हा एकदा शिकवायला हवं. हातही काळे. पडदे पोचवताना हात काळे होतात?

मी दुपारभर गाडी नसल्याचा फायदा घेऊन बॅटऱ्यांच्या तुलनेचा तक्ता पूर्ण करत आणला. संध्याकाळी गाडी आल्यावर बॅटरीच्या तारांची टोकं गरम पाण्याने आणि सोड्याने पुसायला गेले. वहिनी धावत आली. म्हणाली, की वन्सं, बॉनेट नका उघडू, थंडी आत जाते, आणि खटकाही अडकलाय. मग मी बॉनेटच्या वरून, बाहेरूनच, जिथे बॅटऱ्या येतात तिथे गरम पाण्याचं फडकं ठेवलं. ऊब पोचायला हरकत नाही.

थंडी आत जाते हा विचार मात्र तिचा चांगला होता. माझ्या सहवासाचा परिणाम.

१८ नोव्हेंबर

सुरू झाली!! पहिल्या झटक्यात! 'टक्' नाही, धक्का नाही, उतार नाही. घर्र करून उठली, तरण्याबांड म्हशीसारखी.

गरम फडकं आणि शिस्त. दुसरं काय असणार.

२२ नोव्हेंबर

रोज सुरू होतेय. मी पहाटे खिडकीशी उभी राहून ऐकते. माझा सिद्धांत: उजवी बॅटरी मुळात आजारी नव्हतीच, दमलेली होती. तिला विश्रांती, शिस्त आणि थोडी माया मिळाली आणि तिने दोघींचं काम अंगावर घेतलं. अशी माणसंही असतात. मी एक ओळखते, पण स्वतःबद्दल लिहिणं बरं दिसत नाही.

रोज रात्री फडकं ठेवायचं. बॉनेट उघडायचं नाही. चालत्या यंत्राला हात लावू नये.

२८ नोव्हेंबर

जेवताना मी शिस्तीविषयी थोडं बोलले. आई उठून गेली, तिला भांडी आठवली. दादाला ठसका लागला. वहिनीने मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, की वन्सं, फडकं गरमच हवं का, कोमट चालेल? किती नेमका प्रश्न! कोमट चालणार नाही असं सांगितलं.

आणखी एक समाधान. मी संशोधनात असल्यामुळे डाग तपासायच्या टेबलावर हल्ली कमी बसते, तरी गठ्ठे अजिबात तुंबत नाहीत. मी इतकी वर्षं लावलेलं वळण. आता माझ्याशिवायही चालू लागलंय.

२ डिसेंबर

थंडी वाढली. उजवी एकटी किती दिवस ओढणार? डावीची जागा भरायलाच हवी. नाक्यावरच्या दुकानात पुन्हा गेले, दोन बारीक शंका होत्या. दुकानदार मला बघून उठून उभा राहिला. स्वतःहून विचारलं, काय ताई, कशा चालल्यात? मी म्हटलं, चौकश्या म्हणता? उत्तम चालल्या आहेत. तो गोंधळल्यासारखा झाला, मग म्हणाला, नाही, काही त्रास नाही ना? म्हटलं, काही नाही. मग झालं, म्हणाला.

बॅटरी विकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. अभ्यासू गिऱ्हाईक समोर आलं, की असा फरक पडतो.

६ डिसेंबर

बाबांना समोरचं धूसर दिसतं, म्हणून पहाटेच्या फेरीला वहिनी सोबत जाते. रस्ता सांगायला. आज गाडी आवारातून बाहेर पडताना पाहिलं, तर वहिनी ड्रायव्हरच्या जागी आणि बाबा शेजारी. आल्यावर विचारलं. बाबा म्हणाले, ती इंजिन गरम करून देत होती. इंजिन गरम करत करत ती हॉस्पिटलपर्यंत गेली, असं मेट्रनबाईंच्या बोलण्यावरून कळलं. उत्साही आहे.

लायसन्स माझ्याकडेही आहे, हे नोंदवून ठेवते. तिच्याआधीपासून आहे. मी चालवत नाही, कारण गाडीचं मॅन्युअल अजून पूर्ण वाचून झालेलं नाही. न वाचता चालवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. सध्या 'टायरमधली हवा' या प्रकरणाशी आहे. जानेवारीपर्यंत होईल.

खरा प्रतिस्पर्धी दादाच. त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. आजकाल उशिरापर्यंत लोळतो, किल्लीचं नावही काढत नाही. डाव असणार.

९ डिसेंबर

हॉर्न वाजला!

गल्लीच्या तोंडाशी, लांबलचक, दोनदा. मी धावत बाहेर गेले. पिकअपमध्ये रेडिओ चालू, पंखा चालू, भर दिवसा दिवे चालू. आत वहिनी, गाणं गुणगुणत. मी काचेवर टकटक केली. तिने काच खाली केली आणि म्हणाली, की वन्सं, बॅटरीची परीक्षा घेत होते, तुमचा सिद्धांत खरा निघाला हो!

मी रागावणार होते. पण तिने सिद्धांताला स्वतःहून सिद्धांत म्हटलं. घरातलं पहिलंच माणूस. सोडून दिलं.

१५ डिसेंबर

कडाक्याची थंडी. शेजारच्या बेकरीवाल्याची व्हॅन बंद पडली. आमच्या पिकअपला तारा जोडून त्याची व्हॅन सुरू करून दिली. अडकलेला खटका तेवढ्यापुरता सुटला, आणि तारा वहिनीने जोडल्या. मी गर्दी हटवत होते, त्यामुळे बॉनेटजवळ जाता आलं नाही.

एका म्हाताऱ्या बॅटरीने दुसऱ्या गाडीला जीव दिला! बेकरीवाला बघतच राहिला. म्हणाला, तुमची गाडी कशी काय एवढी ठणठणीत? मी त्याला सगळी शिस्त समजावून सांगितली. आई मध्येच म्हणत होती, की अगं त्याचे पाव करपतील. माणसाला ज्ञानापेक्षा पाव जवळचे, हे आईचं नेहमीचं.

१७ डिसेंबर

बेकरीवाल्याने पहाटे दिवे न लावता व्हॅन काढली आणि स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर घातली. माझा सल्ला दिवसा दिवे न लावण्याचा होता. लोक अर्धवट ऐकतात आणि मग तोंड फिरवून जातात.

आई म्हणाली, आता निदान दुसऱ्यांना तरी शिकवू नकोस. 'आता निदान' म्हणजे काय, हे विचारणार होते. ती इस्त्रीघरात गेली आणि दार लावून घेतलं. ते दार वाऱ्याने पुन्हा उघडलं, मग तिने लाथेने ढकललं. त्या दाराचं काहीतरी करायला हवं.

२३ डिसेंबर

निर्णय झाला. झाला!

सगळ्या कसोट्यांवर घासून एकच उरली: थंडीतला जोर उत्तम, वॉरंटी लांब, महिना ताजा, माप बरोबर, तारा जोडायची टोकं योग्य बाजूला. या मापात सगळ्यात जड. कंपनीकडून थेट मागवली, म्हणजे दुकानातली धूळही तिला लागलेली नसेल. परत घेत नाहीत. परत करायचा प्रश्नच कुठे येतो?

मागवण्याचं बटण दाबायची वेळ आली. डोळे मिटून दाबलं. मग उघडून बघितलं, तर दाबलंच गेलं नव्हतं. वहिनीला हाक मारली. तिने दाबलं. पण निर्णय माझा.

३० डिसेंबर

आली! खोक्यासकट पलंगाखाली ठेवली. एकटीला उचलवत नव्हती, दादाला बोलावलं. तो म्हणाला, यात बॅटरी आहे की आमची पापं? आणि नंतर, कशासाठी आणलीस गं, आता? 'आता'वर जोर. त्याला घाम फुटला असणार. परवा एक तारीख.

उद्या सकाळी सगळ्यांसमोर बसवायची. बाबांच्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं तरी त्यांनी बघावं. मोठी भाषणबाजी नको. दोन शब्द बोलेन: घाई न करणं, निर्दोषाला शिक्षा न करणं, दुसरी नजर.

कीचेन पुसून ठेवली.

पुन्हा लिहिते: मोह नाही. पण समजा किल्ली मिळाली, तर पहिल्या दिवशी हॉस्पिटलकडून परत येताना लांबच्या रस्त्याने येईन. नदीच्या पुलावरून. चादरी वाटून मोकळी झालेली गाडी, मागे काही नाही, पुढे रस्ता. इतकी वर्षं मी चादरी उजेडाला धरते. तो उजेड येतो त्या बाजूला मी कधी गेलेच नाही.

हे खोडणार होते. राहू दे, कोण वाचतंय.

३१ डिसेंबर, दुपार

सगळ्यांना आवारात बोलावलं. आई ओले हात पुसत आली. दादा उशीच्या सुरकुत्या गालावर घेऊन. बाबा खुर्चीवर. वहिनी सगळ्यात मागे.

दोन शब्द बोलले. 'निर्दोषाला शिक्षा' हे दोनदा बोलले.

मग बॉनेट. वहिनी म्हणाली, वन्सं, तो खटका अडकलाय ना. मी म्हटलं, आज काढूच. ओढला. अजिबात अडकलेला नव्हता.

आत दोन बॅटऱ्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही काळ्या कुळकुळीत, चकचकीत, एकसारख्या. अंगावर एकसारखी लाल पट्टी. मी वाकले आणि वाचलं. बनवल्याचा महिना, दोन्हींवर तोच. ऑक्टोबर. या वर्षीचा.

आधी वाटलं, मला चक्कर आली म्हणून दोन दिसतायत.

उजवीकडची माझी बॅटरी, जिला मी रोज रात्री फडकं ठेवलं, ती तिथे नव्हतीच. दीड महिना नव्हती. वहिनीने सांगितलं, नव्या बसवल्या त्याच दिवशी जुन्या दोघी नाक्यावरच्या दुकानदाराने मोडीत घेतल्या. सतरा नोव्हेंबर. पडद्यांचा गठ्ठा.

पहिला दादा हसला. थांबवायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण त्याचं हसणं हॉर्नसारखं आहे. बाबा म्हणाले, गप रे. आई म्हणाली, तुला सांगितलं असतं तर त्या परत काढून, तपासून, निम्म्या परत करायला लावल्या असत्यास. हॉस्पिटलला चादरी हव्या होत्या, तपास नको होता. आणि खरं सांगू? तू बॅटऱ्यांत गुंतलीस तेव्हापासून डागांचं टेबल भराभर उरकतंय. दुसरी नजर नाही, तरी एक चादर परत आली नाही.

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर तिलाही ते कळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता.

मी वहिनीला विचारलं, ह्याच का निवडल्यास? आता हे विचारण्यात काय अर्थ होता, माहीत नाही. ती म्हणाली, दुकानदाराच्या स्वतःच्या गाडीत ह्याच आहेत, म्हणून. आणि दोन का? तर म्हणाली, वन्सं, एक चादर दुसरीला खाली ओढत नाही हो. बॅटरी ओढते. त्याने तुम्हाला सांगितलं होतं की. मी शेजारीच उभी होते.

माझ्या तक्त्यात ह्या बॅटऱ्या अकराव्या होत्या. महिना ताजा नाही म्हणून.

मग मी खिळ्याकडे बघितलं. आवारातून इस्त्रीघरातला खिळा दिसतो. रिकामा. कधीपासून रिकामा होता कोण जाणे, मी रोज त्याच्यासमोरून जाते. किल्ली वहिनीने केसाच्या रबरात अडकवून मनगटात घातलेली होती. तिने ती काढली आणि बाबांपुढे धरली. म्हणाली, उद्या एक तारीख, काय ते ठरवा. आवाज चेष्टेचा नव्हता. बोटं मात्र किल्लीवरून सुटत नव्हती. तिलाही हवी होती तर. घरात आल्यापासून तीही फक्त धुण्याच्या हौदापासून दोरीपर्यंतच चालत होती, हे मी कधी मोजलंच नाही.

बाबांनी किल्ली घेतली नाही. वहिनीला म्हणाले, हिला दे, हिची दुसरी नजर होऊ दे.

किल्ली माझ्या हातात आली. मी उलटी केली, सुलटी केली, उजेडाला धरली. वापरून वापरून दात गुळगुळीत झालेत. डाग नाही.

वहिनीला परत दिली.

आयुष्यात इतक्या पटकन मी काही ठरवलेलं नाही. अर्थात ठरलेलं आधीच होतं.

१ जानेवारी

पहाटे वहिनीसोबत फेरीला गेले. गठ्ठे उतरवायला माणूस लागतं. मी शेजारच्या सीटवर. ती म्हणाली, वन्सं, बेल्ट. लावला. कीचेन तिला दिली. ती म्हणाली, जड आहे हो, पण राहू दे.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शिस्तीमुळे नव्हे, हे नोंदवून ठेवते.

परत येताना तिने न विचारताच पुलावरून गाडी घेतली. ती रोज तिकडूनच येते म्हणे, सिग्नल लागत नाही. पुलावर कोणी नव्हतं, तरी तिने हॉर्न वाजवला. मला म्हणाली, तुम्ही दाबून बघा. मी दाबला. चांगला मोठा आहे आवाज.

मॅन्युअल पुढे वाचायचं की नाही, ते शनिवारपर्यंत ठरवेन.

माझी बॅटरी दादाने पलंगाखालून काढून इस्त्रीघराच्या दाराला लावली. केवढाही वारा आला तरी आता दार हलत नाही. आईने दोनदा ढकलून बघितलं आणि म्हणाली, निवड चांगली आहे.